पानिपतचे दोन जय

मराठी भाषेने पानिपतचा पराभव आपल्या पोटात जपून ठेवला आहे. एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला म्हणजे त्याचे 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. कोणी विश्वासाची भाषा काढली की 'विश्वास तर पानिपतावर गेला' हे उत्तर त्याला घरोघर मिळत आले आहे. 'भाऊगर्दी' या शब्दाचा संबंधही लोकांनी सदाशिवरावभाऊंशी व त्याच रणांगणाशी जोडून टाकला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते ग्रंथांतून पुसून टाकणे एक वेळ शक्य होईल. बोलण्यातून पुसणे शक्य नाही. म्हणून 'त्या दिवशी मराठे जिंकले असते तर' या कल्पनेवर मराठीत कथा लिहू पाहणाऱ्या लेखकाला अब्दालीच्या आधी आपल्याच भाषेतील वाक्प्रचारांशी सामना द्यावा लागतो.

तो सामना जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत दिला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात घेतले गेल्यामुळे, ज्यांनी मराठीचे एक वाक्यही कधी वाचलेले नाही अशा मुलांनाही गंगाधरपंत परिचित झाले आहेत. परंतु या कथेच्या कितीतरी आधी, १८७५ मध्ये, याच लढाईचा निकाल फिरविणारे लेखन बंगालीत होऊन गेले होते, ही गोष्ट आपल्या समीक्षेत क्वचितच उल्लेखिली जाते. भूदेव मुखोपाध्याय यांचा 'स्वप्नलब्ध भारतवर्षेर इतिहास' हे ते लेखन होय. 'एज्युकेशन गॅझेट' या साप्ताहिकातून ते क्रमशः प्रसिद्ध झाले आणि ग्रंथरूपाने १८९५ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर, वाचकांपुढे आले. एकाच लढाईचे हे दोन जय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी या लेखनप्रकाराच्या घराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कल्पित काळाची ही वाङ्मये मोठ्या दरवाजाने साहित्याच्या वाड्यात कधी शिरली नाहीत. कैलासचंद्र दत्त या तरुणाने १९४५ सालच्या एका बंडाची कल्पित हकीगत इंग्रजीत लिहिली, ती १८३५ मध्ये 'कॅलकटा लिटररी गॅझेट'मध्ये आली. दहा वर्षांनी शशिचंद्र दत्तांनी विसाव्या शतकातील ओरिसाच्या प्रजासत्ताकाची कल्पना केली, तीही कलकत्त्याच्या एका नियतकालिकातच. रुकैया सखावत हुसेन यांचे 'सुलतानाज् ड्रीम' १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'ने छापले. अमेरिकेत मरे लाइन्स्टर यांची 'साइडवाइज इन टाइम' ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध कथा १९३४ मध्ये आली, ती 'अस्टाउंडिंग' या स्वस्त कागदावरील मासिकात. आपल्याकडेही तेच. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे 'केरळ कोकिळ' हे मासिक १८८६ मध्ये कोचीनला निघाले, आणि ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी वाचकाला क्रमशः भेटली ती त्यातून. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' १९१५ मध्ये 'मासिक मनोरंजन'मध्ये आली. पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने या जातीच्या कथेला आसरा दिला. नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा प्रथम १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली, तीही 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाखाली. म्हणजे जगन्मान्य शास्त्रज्ञालाही या घरात शिरताना नाव बदलून यावेसे वाटले.

यात एक गमतीची गोष्ट आहे. मराठीत छोट्या नियतकालिकांची चळवळ म्हटली की आपल्यापुढे 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू' ही अनियतकालिके उभी राहतात. प्रस्थापित मासिकांविरुद्ध त्यांनी बंड केले ते भाषेचे आणि वर्तमानाचे होते. काळाशी खेळण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. तो खेळ त्यांनी करमणुकीच्या मासिकांकडे आणि दिवाळी अंकांकडे सोडून दिला. दोन्ही घरे गरीब, दोन्ही समीक्षकांच्या वाटेपासून दूर. पण त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे राहिले नाही. बंगालीत १९६३ मध्ये अद्रीश वर्धन यांनी केवळ विज्ञानकथेसाठी 'आश्चर्य' हे मासिक काढले, तसे स्वतंत्र बिऱ्हाड या कथेला मराठीत त्या काळी मिळाले असते, तर तिच्या चिकित्सेलाही कदाचित लवकर आरंभ झाला असता. असो.

नियतकालिकाचा आसरा या कथेला का मानवतो? वाचून बाजूला ठेवण्याच्या पानावर लेखक जे धाडस करतो ते ग्रंथाच्या पानावर करीत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. साप्ताहिकाच्या त्याच अंकात खऱ्या घडामोडी, सरकारी सूचना, परीक्षांचे निकाल छापलेले असतात. त्यांच्या शेजारी न घडलेला इतिहास छापला की दोहोंचा एकमेकांवर प्रकाश पडतो. भूदेवांच्या बाबतीत हा प्रकाश चांगलाच प्रखर आहे. 'एज्युकेशन गॅझेट' हे सरकारी साहाय्याने चाललेले, शिक्षणखात्याशी निगडित असे पत्र होते. भूदेव स्वतः त्या खात्यातील अधिकारी. १८६८ पासून पत्राचे संपादन त्यांच्याकडे होते. इंग्रज सरकारच्या आश्रयाने निघणाऱ्या पत्रात, इंग्रजी राज्य कधी आलेच नाही अशा हिंदुस्थानचा इतिहास सरकारच्याच एका शिक्षणाधिकाऱ्याने लिहावा, आणि तो 'स्वप्नात सापडला' असे नाव देऊन लिहावा! स्वप्न हे येथे अलंकार म्हणून आलेले नाही. ते परवान्यासारखे आहे.

आता भूदेवांनी लढाई कोणती निवडली ते पाहू. बंगालच्या लेखकाला गमावलेली लढाई शोधण्यास दूर जावे लागत नव्हते. प्लासी त्याच्या प्रांतातली, आणि १७५७ मधली, म्हणजे पानिपतहून चारच वर्षांची जुनी. तरीही भूदेव प्लासी ओलांडून पानिपतला गेले. माझे अनुमान असे की प्लासीचा निकाल फिरवायचा तर इंग्रजाला शत्रू म्हणून रणांगणावर उभे करून पाडावे लागते, आणि सरकारी पत्रात ते शक्य नव्हते. पानिपतावर इंग्रज नव्हताच. तेथे मराठे जिंकले की इंग्रजाला हरविण्याची गरजच उरत नाही. त्याला राज्य करण्यास जागा राहत नाही, एवढेच. शत्रूचे नाव न घेता त्याला कथेबाहेर ठेवण्याची ही युक्ती आहे. पण या सोयीची किंमत लेखकाने दुसरीकडे मोजली, आणि तेथेच या लेखनाचे मोठेपण आहे.

मराठी वाचकाला त्या किमतीची कल्पना सहजी येत नाही. १७४१ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्याकडे 'बारगीर' हा घोडदळातील एका दर्जाच्या स्वाराचा साधा शब्द. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि त्या शब्दाने माता मुलांना भीती घालून झोपवू लागल्या. पानिपतचे दुःख जसे मराठीच्या वाक्प्रचारात मुरले, तसा मराठ्यांचा त्रास बंगालीच्या अंगाईगीतात मुरला. ही अंगाई ऐकत वाढलेल्या वाचकांपुढे भूदेव मराठ्यांचा जय मांडतात आणि साऱ्या हिंदुस्थानचे राज्य त्यांच्या हाती देतात. शिवाजीमहाराजांविषयी त्यांना आधीपासून ओढ होती; त्यांच्या 'अंगुरीय विनिमय' या आख्यायिकेचे नायक शिवाजीमहाराजच आहेत. तथापि आख्यायिकेत एका वीरावर प्रेम करणे वेगळे, आणि ज्यांच्या घोड्यांनी आपला प्रांत तुडविला त्यांना सम्राट करणे वेगळे. ज्या पर्यायी इतिहासात लेखक आपल्याच गावचा विजय रंगवितो त्यात त्याला काही सोडावे लागत नाही. भूदेवांनी आपल्या प्रांताची तक्रार सोडली.

स्वप्नातील दिल्लीत बादशहा शहा आलम आपला मुकुट स्वेच्छेने शिवाजीमहाराजांच्या वंशातील रामचंद्र राजाला अर्पण करतो. मराठी वाचक येथे थोडा थबकतो. १७६१ मध्ये साताऱ्यास छत्रपतींच्या गादीवर रामराजा होता, आणि सत्ता पेशव्यांच्या हाती गेलेली असल्यामुळे त्याचे राजेपण नावापुरतेच उरले होते. भूदेवांनी 'रामचंद्र' हे नाव त्याच्यावरून घेतले की नाही हे ठरविण्याचे साधन माझ्यापाशी नाही. परंतु मुकुट पेशव्यांच्या घराण्यात न जाता छत्रपतींच्या वंशात जावा, ही न्यायबुद्धी पुण्याच्या खऱ्या इतिहासाला साधली नव्हती, ती चुंचुड्याच्या एका बंगाली ब्राह्मणाच्या स्वप्नाला साधली, असे म्हणावेसे वाटते.

यापुढचा भाग मात्र आज सहज पचत नाही. भारतभूमी ही हिंदूंची जन्मदात्री, तर मुसलमान हे तिने छातीशी धरून वाढविलेले तिचे पालित पुत्र. दोघांचे नाते म्हणून भावांचे, अशी भूमिका या दरबारात मांडली जाते. १८७५ मध्ये, इतिहासाच्या शालेय पुस्तकांत हिंदू व मुसलमान हे दोन कायमचे प्रतिपक्ष म्हणून रंगविले जात असता, जयाच्या क्षणी सूडाऐवजी नाते उच्चारावे, ही गोष्ट लहान नव्हे. पण दत्तक आणि औरस यांतील फरक घरात कितीही प्रेम असले तरी वाटणीच्या वेळी आठवतोच. ऐक्यासाठी मुकुट उतरवून ठेवावा लागतो तो एकालाच. भूदेवांचा कनवाळूपणा खरा. त्या कनवाळूपणातील उंची-ठेंगणेपणाही तितकाच खरा. दोन्ही एकाच रूपकात आहेत, आणि म्हणून ते रूपक टाकूनही देता येत नाही व स्वीकारताही येत नाही.

कलेच्या दृष्टीने पाहता भूदेवांच्या लेखनात कथा जवळजवळ नाही. दरबार आहे, भाषणे आहेत, राज्यव्यवस्था आहे, माणूस नाही. जो सुखाने नांदतो आहे अशा देशाचे वर्णन किती वेळ ऐकावे? संघर्ष संपल्यावर सुरू होणाऱ्या कथेत वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही.

नारळीकरांच्या कथेत नेमके हेच उलट आहे. तेथे देशाचे वर्णन थोडे आणि एक माणूस पुरता उतरलेला आहे. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. अध्यक्षपदे भूषविण्याची हौस एवढी की नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्ष होऊन चुकलेले. अपघाताच्या धक्क्याने ते दुसऱ्याच एका जगात जाऊन पडतात. गाडी पुण्याहून मुंबईकडे निघते, वाटेत सरहद्द लागते, आणि पुढे इंग्रजांचा अंमल सुरू होतो. मुंबई त्यांच्याकडे १९०८ च्या तहान्वये २००१ पर्यंत भाडेपट्ट्याने आहे. ईस्ट इंडिया कंपनी जिवंत आहे. दिल्लीचा बादशहा लोकशाहीतही नावापुरता टिकून आहे. येथे विजयाचा चौघडा नाही. भूदेवांच्या दरबारात सहज सुटलेले प्रश्न येथे भाडेपट्ट्यासारखे लोंबकळत राहिले आहेत, आणि त्यामुळेच हे जग खरे वाटते.

या कथेतील सर्वोत्कृष्ट प्रसंग मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातील होय. गंगाधरपंत तेथे इतिहासाचे पाच खंड मागवितात. पाचही त्यांचेच लिहिलेले. आरंभीच्या खंडांत सारे काही आपल्या इतिहासासारखेच. पाचव्यात फरक आहे एवढे कळल्यावर ते तो खंड दोन्ही टोकांकडून आत वाचीत येतात, आणि शेवटी ज्या क्षणी इतिहासाची वाट फुटली त्या क्षणावर येऊन थांबतात. आपणच लिहिलेला, तरीही आपण न लिहिलेला ग्रंथ वाचणारा हा इतिहासकार! संशोधकाची शिस्त आणि अद्भुताचा धक्का यांचा असा मेळ मराठी कथेत विरळा आहे. क्षण कोणता? गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. तिळाचा फरक, तेवढा जरी नसता तरी ते पडले असते.

या तिळाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पानिपतविषयीचे आपले सारे ऐतिहासिक लेखन 'तर'च्या आधाराने चालते. भाऊंनी सूरजमल जाटाचा सल्ला मानून बायकामुले व जड सामान मागे ठेवले असते तर. गनिमी काव्याने लढले असते तर. त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत' १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत आला. त्या ग्रंथाच्या आधी आणि नंतरही हा वाद थांबलेला नाही. इतिहासकार कोणाला दोष देतो तेव्हा तो न घडलेल्या एका लढाईची कल्पना मनाशी करूनच देतो. पर्यायी इतिहास त्याच्या प्रत्येक दोषारोपात लपलेला असतो. पण हा 'तर' नेहमी कोणाच्या तरी चुकीशी बांधलेला. नारळीकरांनी तो चुकीपासून सोडविला आणि गोळीला बांधला. त्यामुळे सदाशिवरावभाऊ दोनशे वर्षांच्या आरोपातून सुटतात खरे, पण मराठ्यांच्या जयाचे श्रेयही त्यांच्या हातून जाते. तिळाने हरलो असे म्हणण्यात दिलासा आहे. तिळाने जिंकलो असे म्हणण्यात अभिमानाला जागा नाही. भूदेवांचा इतिहास माणसांच्या अंतःकरणाने वळतो, नारळीकरांचा कणाच्या मार्गाने. एकाला नीतिशास्त्र हवे होते, दुसऱ्याला पदार्थविज्ञान; आणि म्हणून पहिल्याचे जग जितके उदात्त तितके अशक्य, दुसऱ्याचे जितके शक्य तितके उदासीन.

कथेच्या नावातील श्लेष या उदासीनतेवर नेमका बोट ठेवतो. मराठे जिंकलेल्या त्या जगात गंगाधरपंत आझाद मैदानावरील एका सभेत रिकामी खुर्ची पाहून सवयीने अध्यक्ष होऊन बसतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणाची चाल केव्हाच मोडीत काढली आहे. श्रोते त्यांच्यावर हाती लागेल ते फेकतात. गंगाधरपंतांचे पानिपत होते ते तेथे, ज्या जगात पानिपतचा अर्थ विजय असला पाहिजे. हवा तो इतिहास मिळाला, पण त्यात बसण्यास खुर्ची मिळाली नाही! इंग्रजी रूपात कथेचे नाव 'द ॲडव्हेंचर' असे झाले आहे, आणि तेथे हा सारा अर्थ गळून पडतो. बंगळूरच्या किंवा गुवाहाटीच्या विद्यार्थ्याला आझाद मैदानावरील प्रसंग केवळ हास्यास्पद वाटला, तर दोष त्याचा नव्हे.

कथेचा उत्तरार्ध मात्र ढिला आहे. राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र गंगाधरपंतांना, आणि त्यांच्यामार्फत आपल्याला, इलेक्ट्रॉनच्या अनिश्चित मार्गाची शिकवणी देऊ लागतो, तेव्हा कथा उभी राहते आणि फळा पुढे येतो. विज्ञानकथेने विज्ञान शिकवावे हा आग्रह मराठी विज्ञान परिषदेच्या काळातील स्वाभाविक आग्रह होता, आणि नारळीकरांनी तो आयुष्यभर निष्ठेने सांभाळला. परंतु ग्रंथालयातील त्या प्रसंगाला स्पष्टीकरणाची गरज नव्हती. जे स्पष्टीकरणाशिवाय पटते ते स्पष्ट केल्याने दुबळे होते. बखरीचे फाटलेले एक पान गंगाधरपंतांच्या खिशात राहते, हा पुरावा पुरेसा होता. बाकीचे वाचकावर सोडता आले असते. स्त्रिया या कथेत नाहीत म्हटले तरी चालेल. तक्रार खरी, पण ती भूदेवांविषयीही करावी लागेल.

२०२५ मध्ये नारळीकर निवर्तले तेव्हा त्यांच्या विज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले गेले, कथेविषयी त्या मानाने कमी. आणि जे लिहिले गेले त्यात कौतुकाचा भाग मोठा होता. आज गमावलेल्या लढाया कल्पनेने जिंकून देण्याचा उद्योग जोरात चालला आहे, आणि त्यात लेखक काहीही गमावीत नाही. म्हणूनच त्या जयांना चव नाही. बर्गींना मुकुट देणारा बंगाली आणि विजयी महाराष्ट्रात आपल्याच प्राध्यापकाची फजिती करणारा मराठी, या दोघांचे महत्त्व अशा वेळी अधिक जाणवते.

दोघांनाही एक गोष्ट मात्र दिसली नाही, किंवा त्यांनी ती पाहण्याचे टाळले. पानिपतच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी १७६१ रोजी, बिहारमध्ये मेजर कार्नाक याच्या फौजेने शहा आलमचा पराभव केला आणि त्याच्या बाजूने लढणारा फ्रेंच सरदार झाँ लॉ याला पकडले. १६ तारखेस इंग्रज पाँडिचेरीत शिरले. म्हणजे भूदेवांच्या स्वप्नात जो बादशहा दिल्लीच्या दरबारात मुकुट उतरवितो, तो खऱ्या इतिहासात त्या आठवड्यात दिल्लीत नव्हताच; तो गंगेच्या दक्षिणेस कंपनीच्या तोफांपुढून माघार घेत होता. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली असती तरी बिहारमधल्या तोफा तेथेच होत्या. पानिपतहून पुण्यापर्यंत बातमी पोचण्यास दिवस लागले, त्याची हळहळ आपल्या बखरींतून भरून राहिली आहे. बिहारची ती चकमक आपल्या कोणत्याच म्हणीत शिरली नाही.